अपुऱ्या सिनेमांचा हंगाम

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरं लागतं. ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस काट्यांत अडकून बसतो आणि मग थंडीभर ते झाड आपलं नसलेलं पीक मिरवत उभं असतं. परवा बुलढाण्याहून मोताळ्याकडे घाट उतरताना ते दिसलं आणि मला मलकापूरची आठवण आली. खरं तर ती येऊ नये म्हणून मी बसच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसलो होतो. पण बाभळी दोन्ही बाजूंना आहेत.

त्याच आठवड्यात बँकेत डबा खाताना मोबाइलवर निरोप आला. एक नवा मराठी सिनेमा प्रदर्शित होण्याआधी मोफत दाखवणार होते आणि दोन तिकिटं माझ्यासाठी राखून ठेवली आहेत, असं त्यात मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. फुकट म्हटल्यावर माझं बोट आपसूक पुढे जातं. माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग ‘सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव’ असा रकाना आला. तो रिकामा ठेवून पुढे जाता येईना. मी शाखेतल्या एकेकाचं तोंड पाहिलं. सगळ्यांना घरं होती, मुलांच्या शिकवण्या होत्या. भाजी निवत गेली आणि मी विचार करतोय तोवर तिकिटं संपली.

एकट्या माणसाला दोन तिकिटं देणारं हे जग मला नवं नाही. मलकापूरला बदली झाली तेव्हाही असंच झालं होतं.

आमच्या जिल्ह्यात माणूस एकतर घाटावरचा असतो नाहीतर घाटाखालचा. मी घाटावरचा, तोही पार दुसरबीडकडचा, म्हणजे बोलायला तोंड उघडलं की मलकापूरच्या लोकांना मी जालन्याचा पाहुणा वाटायचो. जिल्हा तोच, पण दिवाळीनंतर तिथे रुजू झालो तेव्हा परमुलखात टाकल्यासारखं वाटलं. शहर कापसाने भरून गेलेलं. जिनिंगचा घरघराट, सरकीचा तेलकट वास, नाकात जाणारी कापसाची तूस, आणि दर थोड्या वेळाने धडधडत जाणाऱ्या गाड्या, ज्यांतल्या बऱ्याचशा तिथे थांबतही नसत. बँकेत दिवसभर माणसांची रीघ असे. पाच वाजता शटर खाली आलं की मला ओळखणारं त्या गावात कोणी उरत नसे. मी एकटा होतो आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं. एकांत वगैरे मोठे शब्द लोक वापरतात. माझ्याकडे होती ती नुसती रिकामी संध्याकाळ आणि मेसचा डबा.

खोली होती एका दुमजली सिमेंटच्या घरात, तळमजल्यावर. वर मालकीणबाई एकट्या राहत. सुमनकाकू. नवरा एका जिनमध्ये मुनीम होता, चार वर्षांपूर्वी गेला. मुलगा मुंबईला. पहिल्या आठवड्यात आमचं बोलणं पाण्याची मोटर आणि कचऱ्याची गाडी यांच्यापुढे गेलं नाही. पण त्यांची मला सगळी खबर असे, कारण त्या माझ्या डोक्यावर चालत. त्यांचं चालणं वेगळंच होतं. उजवी टाच दाबून टाकायच्या आणि डावा पाय मागून ओढायच्या. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. ओट्याकडे गेल्या, तुळशीकडे गेल्या, गच्चीवर वाळवण उचलायला गेल्या, हे मला खाली गादीवर पडल्या पडल्या कळे. रविवारी सकाळी ती पावलं खिडकीशी जाऊन थांबत, कारण मोबाइलला रेंज तिथेच होती. मग त्यांचा आवाज खाली यायचा. ‘जेवला काय? काय जेवला? बरं बरं, हाय नं काम, कर कर.’ आणि लगेच ठप्प, सर्र, परत ओट्याकडे. मुलाच्या रविवारच्या फोनची लांबी तेवढीच होती.

गावात एक जुनं टॉकीज होतं. त्याचा नवा ठेकेदार खटपट्या होता. त्याने मुंबईच्या एका माणसाशी संधान बांधलं होतं. त्या माणसाचा धंदा असा की वेगवेगळ्या निर्मात्यांचे अर्धेकच्चे सिनेमे घ्यायचे, पुण्या-मुंबईबाहेरच्या गावांत फुकट दाखवायचे, आणि लोक कुठे हसतात, कुठे जांभया देतात, कुठे मुतायला उठतात ते पाहून निर्मात्याला कळवायचं. मलकापूर त्याला सोयीचं पडे. सकाळी रेल्वेने उतरायचं, दुपारी खेळ करायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. कापसाचा हंगाम होता तोवर दर गुरुवारी हा प्रकार चालला. बँकेची आमची शाखा तेव्हा बाजारामुळे रविवारी चालू आणि गुरुवारी बंद असायची, त्यामुळे गुरुवारची दुपार माझ्यासमोर आ वासून उभी असे.

पास मिळायचे ठेकेदाराच्या मेहुण्याच्या भांड्यांच्या दुकानात. स्टीलच्या कळश्यांमध्ये बसून मेहुणा पास वाटायचा, आणि मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आत तिथे रांग लागायची. पहिल्या खेपेला मी तासभर उभा राहून गल्ल्यापर्यंत पोचलो.

‘फॅमिली कुठी हाय?’ मेहुण्याने विचारलं.

‘मी एकटाच आहे.’

‘मंग नाई जमत साहेब. एका पासवर दोघं, अन् फॅमिलीच पायजे. नुसती पोरं घेतली का शिट्ट्या मारते. मुंबईच्या माणसाले समजतच नाई, सिनेमाले हसून राह्यले का एकमेकाले.’

रांगेतल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न न झालेला तिशीतला माणूस आमच्याकडे आधी काहीतरी खोट असलेला असतो, मग बँकेतला. मी परत आलो. सुमनकाकू जिन्याच्या पायरीवर तूर पाखडत होत्या.

‘काय झालं साहेब? तोंड काऊन उतरलं?’

मी सांगितलं. सिनेमाचं नाव काढताच त्यांचं सूप थांबलं.

‘आधी इचारलं असतं तं,’ त्या म्हणाल्या, ‘मी हाव नं. भाचा हाय म्हणू.’

लगेच पदराला हात पुसून निघाल्यासुद्धा. भांड्याच्या दुकानात त्यांनी मला पुढे ढकललं आणि ‘माह्या भावाचा पोरगा हाय, देऊळघाटचा’ असं ठोकून दिलं. देऊळघाट कुठून आणलं कोण जाणे. मेहुण्याने मुनीमजींच्या बायकोला पास नाकारला नाही. तेव्हापासून गुरुवारी मी त्यांना आत्या म्हणू लागलो आणि एरवी काकू.

पहिला सिनेमा पाहिला तो काय पाहिला, हे सांगणं अवघड आहे. वर कोपऱ्यात आकडे पळत होते. नावं नव्हती, गाणं नुसत्या पेटीवर होतं. एका ठिकाणी पडदा करडा झाला आणि त्यावर पाटी आली, ‘येथे पूर येतो’. सगळं टॉकीज हसलं. मुंबईच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं. मग नायिका धावत घाटाच्या पायऱ्या उतरली आणि तिच्या पावलांचा आवाजच आला नाही. तोंड हललं की शब्द ऐकू येत, पण पाय, बांगड्या, दार, घागर, सगळं मुकं. ‘साऊंड दे बे,’ मागून कोणीतरी ओरडलं. काकूंनी माझं मनगट दाबलं.

‘आयकलं?’

‘काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही.’

‘थेच तं. पावलंच वाजून नाई राह्यले.’ अंधारातही त्यांचा चेहरा फुललेला दिसला. ‘म्हणजे नित्याचं काम बाकी हाय अजून.’

घरी चालत येताना उलगडा झाला. नितीन, त्यांचा मुलगा, मुंबईला स्टुडिओत पावलांचे आवाज करतो. शूटिंगच्या वेळी नटांचं बोलणं पकडतात, बाकीचे बारीक आवाज नीट येत नाहीत. मग सगळ्यात शेवटी एक माणूस बंद खोलीत पडद्याकडे पाहत चालतो. नट चालला की चालतो, थबकला की थबकतो. वाळूवर, फरशीवर, पाचोळ्यावर. साडीची सळसळ तो करतो, ताटलीही तो वाजवतो.

‘हिरो चालते नं, तवा पाय माह्या पोराचा वाजते,’ काकू म्हणाल्या. ‘पण कोणत्या शिनेमात वाजते, थे सांगतच नाई. म्हणते, आई, लय शिनेमे असते, कोणाकोणाचं सांगू.’

नितीनच्या वडिलांना हे काम कधीच पटलं नाही. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, ‘चालाचा पगार देते म्हणे याले. मंग आमचा बैल तं लखपती व्हाले पायजे.’ पाहुणे हसले. नितीन त्याच संध्याकाळी गेला. बापाच्या तेराव्याला आला आणि गोड जेवण झाल्याबरोबर परत फिरला. त्यानंतर आलाच नाही. ‘बापाशी भांडण व्हतं,’ काकू म्हणाल्या, ‘माह्याशी कवा व्हतं?’ मी घाटावरचा माणूस, उत्तर सुचलं नाही की चहा पाजतो. आम्ही चहा प्यायलो.

एवढ्यासाठी त्या सिनेमाला येत होत्या. जो सिनेमा लागेल त्यात नित्याचं पाऊल सापडलं पाहिजे. मुलगा घरात चालत नव्हता, तर निदान पडद्यावर चाललेला ऐकू यावा.

त्या थंडीत आम्ही किती अपुरे सिनेमे पाहिले, मोजलं नाही. मला ते आवडू लागले, हे कबूल करतो. पुरा सिनेमा आपल्याला खुर्चीत बसवून ठेवतो आणि बाहेर सोडून देतो. अपुऱ्यात आपल्याला काम असतं. ‘येथे पूर येतो’ म्हटलं की मी आमच्या गावाकडच्या नदीचा पूर तिथे आणून सोडायचो, वाहून आलेल्या ओंडक्यांसकट. ‘येथे आग लागते’ म्हटलं की शेजारची बाई पुटपुटायची, ‘आमच्या गंजीले लागली व्हती, बाप्पा.’ सगळं टॉकीज आपापलं काहीबाही आणून त्या भोकांत भरत असे. फक्त काकू काही भरत नसत. त्या कान लावून वाट पाहत.

चुकाही आम्ही मलकापुरीच केल्या. तिथल्या लोकांना मुंबई म्हणजे रेल्वेच्या दुसऱ्या टोकाचं मोठं मलकापूर वाटतं. गाडीत चढणाऱ्या कोणाच्याही हातात डबा, पिशवी, लोणच्याची बरणी द्यायची आणि सांगायचं, आमच्या पोराले देजा. तो देतोही. जिनवाला दुसऱ्या जिनवाल्याला ओळखतो, तसा सिनेमावाला सिनेमावाल्याला ओळखत असणार, यात काकूंना शंकाच नव्हती. एका गुरुवारी त्यांनी मुंबईच्या त्या माणसाला दारातच गाठलं आणि कापडी पिशवी त्याच्या हातात कोंबली. आत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पापड्या आणि डिंकाचे लाडू.

‘नितीन नाव हाय. पायाचे आवाज काढते. सांगजा, आईनं देल्लं.’

तो बिचारा सडपातळ दाढीवाला, कायम चार्जर खुपसायला भोक शोधत असलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाच ठाऊक नव्हतं. त्याने पिशवी घेतली.

पुढच्या गुरुवारी काकूंनी विचारलं, ‘पोचली का?’

‘हो काकी, पोचली.’

‘काय म्हणला?’

‘छान झालंय म्हणाला.’

काकूंनी ‘बरं’ म्हटलं. आत जाऊन बसल्यावर मात्र माझ्याकडे झुकून म्हणाल्या, ‘नाई पोचली. चटणी लय तिखट झाली म्हणला असता तं मी मानलं असतं. थो लहानपणापासून तेच म्हणते.’ तरी पुढच्या खेपेला त्यांनी दुसरी पिशवी भरलीच. मी विचारलं, कशाला? ‘खाईन तं थो तरी खाईन,’ म्हणाल्या, ‘त्याचीबी माय कुठीतरी असनच नं.’

काकू माझ्या मावशी, आत्या, कोणीच नव्हत्या. हंगाम संपल्यावर माझी बदली बुलढाण्याला झाली. आता दिवाळीला फोन करतो. मोटर चालू आहे, नव्या भाडेकरूच्या पोराने जिन्यावर रेघोट्या ओढल्या आहेत, असं त्या सांगतात. नितीनचं मी विचारत नाही. तो आला असता तर सगळ्यात आधी तेच सांगितलं असतं. पण लग्नाच्या एकेक ठिकाणाहून नकार येत गेला त्या थंडीत मला वरची ती पावलं आधार वाटत होती, हे मी त्यांना कधी बोललो नाही. असं बोलायचं आमच्याकडे वळण नाही. आता बुलढाण्यात माझ्या डोक्यावर गच्ची आहे आणि गच्चीवर टाकी आहे.

शेवटचा गुरुवार आठवतो. कापूस संपत आला होता, जिनची घरघर मध्ये मध्ये बंद पडू लागली होती आणि उन्हाला चटका आला होता. मुंबईच्या माणसाने दारात सांगितलं, ‘काकी, आजचा जवळजवळ पूर्ण आहे. आवाज भरलेत.’ काकूंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मी म्हटलं, दिसणार कसं? ‘दिसाचं काय हाय त्यात,’ म्हणाल्या, आणि डोळे मिटून बसल्या.

सिनेमा गावाकडचा होता. भावाभावांचं भांडण, वाटणी, मध्ये एक म्हातारी. सगळं वाजत होतं. दार करकरत होतं, बादली आदळत होती, वहाणा कचकचत होत्या. प्रत्येक पावलाला काकूंचा चेहरा किंचित पुढे यायचा आणि परत मागे जायचा. हे नव्हे. हेही नव्हे. लोक सिनेमा पाहत होते आणि मी त्यांना पाहत होतो. मला भीती वाटू लागली होती, की एवढे आवाज भरलेत आणि त्यातला एकही त्यांचा निघाला नाही तर?

मध्यंतरानंतर कधीतरी ती म्हातारी पहाटे उठते. कॅमेरा पाठीमागे. घरात सगळे झोपलेले, ती पडवी ओलांडून थोरल्या मुलाने उघडं टाकलेलं दार लावायला जाते. एवढंच दृश्य. बोलणं नाही, पेटी नाही. नुसती पावलं.

ठप्प, सर्र. ठप्प, सर्र.

मी सवयीने वर छताकडे पाहिलं. मग कळलं की आवाज पडद्यातून येतोय. ती नटी सरळ, ताठ चालत होती, तिच्या पायात काहीच दोष नव्हता. पण वाजत होत्या त्या सुमनकाकू. मी एक अख्खी थंडी त्या आवाजाखाली काढली होती, दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होणं शक्य नव्हतं. फक्त त्यात एक जास्तीचा आवाज होता. पाऊल पुरतं टेकलं की फरशीवर बारीकशी टिक. तो मी घरात कधी ऐकला नव्हता.

काकूंनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. सिनेमा पुढे गेला, भाऊ एक झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी काळ्या पडद्यावर नावं चढू लागली, इतकी बारीक आणि भराभर की वाचायला माणूस खिळून बसायला हवा. मी म्हटलं, ‘थांबा आत्या, नितीनचं नाव येईल.’ त्या उठल्यासुद्धा होत्या.

‘चाल,’ त्या म्हणाल्या. मला त्यांनी पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. ‘नाव कायले पाहाचं?’

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. सरकीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक रस्ता अडवून उभा होता, म्हणून आम्ही भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर सावलीला बसलो. मला फार आनंद झाला होता. मी बोलत सुटलो. म्हटलं, बघा, त्याच्या कानात तुम्ही आहात. हजार आवाज करत असेल तो, पण म्हातारी चालायची म्हटल्यावर त्याला आई आठवली. असा मुलगा आईला विसरेल का? येईल, नक्की येईल. मी काय काय बोललो, आता आठवलं तरी कसंसं होतं. त्या ऐकत होत्या. ट्रक हलला, तरी उठल्या नाहीत.

‘थो टिक टिक वाजला, आयकला?’ त्यांनी विचारलं.

‘हो. ते काय होतं? घरी तर तसं वाजत नाही.’

त्यांनी चपलेतून पाय काढला आणि बोटांकडे पाहत राहिल्या. बोटाभोवती एक फिकट वळ होता, फार जुन्या गोष्टीचा असावा तसा.

‘जोडवं हाय थे,’ त्या म्हणाल्या. ‘याचे बाबा गेले तवा काहाडलं. तेराव्याले नित्या आला, पण त्या दिशी मले बायांनी कोपऱ्यात बसवून ठेवलं व्हतं. त्याच्यासमोर मी चाललीच नाई. आता जोडव्याबिगर मी कशी चालते, थे त्यानं आयकलंच कुठी?’